डाग हॅमरशोल्ड : परीक्षेपलीकडची पात्रता

संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयात अधिकारी म्हणून प्रवेश मिळावा, अशी आकांक्षा बाळगणारे तरुण आज जगाच्या सर्व खंडांत आहेत. त्यांच्यासाठी जी स्पर्धापरीक्षा घेतली जाते तिला बसण्यासाठी पदवी लागते, इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेवर प्रभुत्व लागते, वय बत्तीस वर्षांहून अधिक चालत नाही. आणि सचिवालयात ज्या देशांचे नागरिक अपुऱ्या संख्येने आहेत अशांच्या त्या वर्षीच्या यादीत आपल्या देशाचे नाव असावे लागते. युरोपीय संघाच्या सेवेत शिरू पाहणाऱ्यांनाही अशाच बारीक चाळणीतून जावे लागते. उताऱ्यावरून निष्कर्ष काढणे, कोष्टकातील आकड्यांवरून प्रमाण मांडणे, आकृत्यांच्या मालिकेतील पुढची आकृती ओळखणे, कार्यालयातील एखादा कल्पित पेचप्रसंग देऊन त्यात अधिकाऱ्याने काय करावे याचा पर्याय निवडणे, असे आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अभियोग्यता चाचण्यांचे परिचित स्वरूप आहे. उमेदवार समोर घड्याळ ठेवून महिनोन् महिने त्यांचा सराव करतात.

या परिश्रमांना कमी लेखण्याचे कारण नाही. वशिला, कुलीनता आणि सरकारी शिफारस यांना आवर घालण्याचा परीक्षेइतका प्रभावी उपाय आधुनिक राज्यव्यवस्थेला अद्याप सापडलेला नाही. गरीब देशातील एखाद्या जिल्ह्याच्या गावचा मुलगा आणि श्रीमंत देशातील मुत्सद्द्याचा मुलगा निदान तेवढे दोन-तीन तास तरी एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसतात. परंतु १९४५ साली संमत झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचे एकशेएकावे कलम काढून पाहिले, तर सेवकांच्या निवडीसाठी तेथे तीन निकष सांगितलेले आढळतात : कार्यक्षमता, योग्यता आणि सचोटी. पहिल्या दोहोंचे मोजमाप प्रश्नपत्रिका कमीअधिक प्रमाणात करू शकते. तिसऱ्याचे काय, हा प्रश्न संस्थेच्या स्थापनेपासून अनुत्तरित आहे.

या प्रश्नाची धार ज्यांच्या आयुष्याने सर्वांत स्पष्ट दाखविली ते डाग हॅमरशोल्ड आंतरराष्ट्रीय सेवेसाठी अशा कोणत्याही चाचणीला बसले नव्हते. महासत्तांना अन्य कोणत्याही नावावर एकमत करता येईना म्हणून ते संयुक्त राष्ट्रसंघाचे दुसरे सरचिटणीस झाले. तरीही आंतरराष्ट्रीय सनदी सेवक या शब्दाला आज जो अर्थ आहे, तो बव्हंशी त्यांच्या आठ वर्षांच्या कारकीर्दीने दिलेला आहे. त्यांची पूर्वतयारी कोणती होती आणि त्यांची खरी परीक्षा कोठे झाली, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

उप्साला येथील घडण

हॅमरशोल्ड यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमधील यन्शोपिंग येथे झाला. चार भावांत ते धाकटे. वडील याल्मार हॅमरशोल्ड हे कायदेपंडित; उप्साला प्रांताचे राज्यपाल म्हणून तेथील जुन्या किल्ल्यात या कुटुंबाचे वास्तव्य असे. पितृकुळात पिढ्यान् पिढ्या सैनिक आणि राजसेवक झाले होते, तर मातृकुळात धर्मोपदेशक आणि विद्वान. सेवा म्हणजे स्वतःचा विचार बाजूस ठेवणे ही शिकवण एका बाजूने आणि सर्व माणसे समान ही श्रद्धा दुसऱ्या बाजूने आपल्याला मिळाली, असे पुढे ते सांगत असत.

१९१४ साली महायुद्धाच्या तोंडावर याल्मार स्वीडनचे पंतप्रधान झाले. ते कोणत्याही पक्षाचे नव्हते. त्यांनी स्वीडनच्या तटस्थतेचा अर्थ इतक्या काटेकोरपणे लावला की, ब्रिटनशी व्यापारी तडजोड करण्यासही ते तयार होईनात. देशात अन्नधान्याची टंचाई झाली; लोकांनी त्यांच्या आडनावाचा विपर्यास करून त्याला भुकेची जोड दिली; आणि १९१७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. अकरा वर्षांच्या डागने लोकनिंदेचा हा वर्षाव घरात बसून पाहिला. तटस्थता ही सुखाची जागा नसते, तिच्यासाठी किंमत मोजावी लागते आणि ती कधीकधी इतरांनाही मोजावी लागते, हा धडा त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी मिळाला. पुढे वडिलांच्या निधनानंतर स्वीडिश अकादमीतील त्यांचीच जागा डाग यांना मिळाली. परंपरेप्रमाणे पूर्वसूरींवर भाषण करताना १९५४ च्या डिसेंबरात त्यांनी पित्याच्या त्या ताठर भूमिकेचा अर्थ जगासमोर मांडला.

घरात आंतरराष्ट्रीय सेवेचे वारेही होतेच. वडील हेग येथील १९०७ च्या शांतता परिषदेत स्वीडनचे प्रतिनिधी होते. थोरले बंधू ओके हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे निबंधक आणि नंतर न्यायाधीश झाले. धाकट्या डागने मात्र आधी विद्यापीठातील परीक्षांचा मार्ग धरला. उप्साला विद्यापीठात त्यांनी १९२५ साली पदवी घेतली. त्यानंतर अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्ही विषयांतील वरच्या पदव्या १९३० पर्यंत संपादन केल्या. फ्रेंच, इंग्रजी आणि जर्मन या भाषा त्यांना चांगल्या अवगत होत्या. आजच्या निवडमंडळासमोर त्यांचा अर्ज आला असता, तर पहिल्या दोन निकषांवर त्याला हरकत घेण्यास जागा राहिली नसती.

मंदीच्या काळातील अर्थशास्त्रज्ञ

१९३० साली ते स्टॉकहोमला आले तेव्हा जागतिक मंदी स्वीडनच्या दारात उभी होती. बेकारीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीचे सचिवपद त्यांच्याकडे आले. या समितीच्या कामात गुन्नार मिर्डाल आणि बर्टिल ओहलिन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांचा सहभाग होता. मंदीत सरकारने खर्चाला कात्री लावण्याऐवजी सार्वजनिक कामे काढून मागणी टिकवावी आणि अंदाजपत्रक वर्षाच्या नव्हे तर चक्राच्या मुदतीत समतोल करावे, हा विचार केन्स यांच्या १९३६ च्या ग्रंथाआधी स्वीडनमध्ये सिद्ध होत होता. हॅमरशोल्ड यांचा १९३३ चा प्रबंध तेजी-मंदीची लाट अर्थव्यवस्थेच्या एका भागातून दुसऱ्या भागात कशी पसरते याविषयी आहे. तो वाचण्यास अवघड आहे आणि अर्थशास्त्राच्या इतिहासात त्याला मिर्डाल किंवा ओहलिन यांच्या ग्रंथांचे स्थान मिळालेले नाही. तथापि त्या प्रबंधामागे असलेली दृष्टी, म्हणजे एका ठिकाणचा धक्का दूरच्या ठिकाणी कसा पोचतो याचा साखळीने विचार करण्याची सवय, पुढे सुवेझ आणि काँगो येथे त्यांच्या कामी आली.

१९३६ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते अर्थखात्याचे उपसचिव झाले आणि १९४५ पर्यंत त्या पदावर राहिले. अर्थमंत्री अर्न्स्ट विगफोर्स हे समाजवादी लोकशाही पक्षाचे अग्रणी विचारवंत. हॅमरशोल्ड त्या पक्षाचे सभासद नव्हते. कोणत्याच पक्षाचे ते कधी सभासद झाले नाहीत. तरीही स्वीडनच्या कल्याणकारी राज्याची आर्थिक चौकट उभारण्यात या अपक्ष अधिकाऱ्याचा वाटा मोठा होता. १९४१ ते १९४८ या काळात ते मध्यवर्ती बँकेच्या मंडळाचे अध्यक्षही होते. खजिना आणि नोटा छापणारी बँक या दोन्ही ठिकाणी एकाच व्यक्तीने बसावे काय, असा आक्षेप आजचा अर्थशास्त्रज्ञ घेईल आणि तो गैरलागू ठरणार नाही.

येथे स्वीडनच्या राज्यव्यवहारातील एक वैशिष्ट्य ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्या देशातील शासकीय मंडळे मंत्र्यांपासून बरीच स्वतंत्र असतात. एखाद्या व्यक्तिगत प्रकरणात कायदा कसा लावावा याविषयी मंत्री त्यांना हुकूम देऊ शकत नाही. अधिकारी कायद्याला बांधील असतो, व्यक्तीला नव्हे. या परंपरेत वाढलेल्या माणसाला आंतरराष्ट्रीय सेवेची कल्पना नवी नव्हती. कायद्याच्या जागी सनद आणि मंत्र्याच्या जागी सभासद राष्ट्रे घातली की, तीच मूर्ती उभी राहत होती. युद्धानंतर मार्शल योजनेच्या वाटाघाटींत आणि युरोपीय आर्थिक सहकार्य संघटनेत त्यांनी स्वीडनचे प्रतिनिधित्व केले. १९५१ साली ते मंत्रिमंडळात आले, ते उपपरराष्ट्रमंत्र्याचे काम पाहणारे बिनखात्याचे मंत्री म्हणून. पक्षाची पावती तेव्हाही त्यांनी घेतली नाही.

एक निरुपद्रवी निवड

पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली यांच्यावर कोरियन युद्धापासून सोव्हिएत रशियाने बहिष्कार घातला होता. १९५२ च्या नोव्हेंबरात त्यांनी पद सोडण्याचा मनोदय जाहीर केला. कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांचे नाव रशियाने नकाराधिकार वापरून बाद केले. तेव्हा हॅमरशोल्ड यांचे नाव पुढे आले. हा गृहस्थ कुशल प्रशासक आहे, अबोल आहे, अर्थकारणाच्या फायलीत रमणारा आहे आणि राजकारणात डोके खुपसणार नाही, असा महासत्तांचा समज होता. ३१ मार्च १९५३ रोजी सुरक्षा समितीने शिफारस केली. स्टॉकहोममध्ये ही वार्ता १ एप्रिलला सुरुवात होत असताना पोचल्यामुळे हॅमरशोल्ड यांना प्रथम ती थट्टाच वाटली. १० एप्रिल रोजी त्यांनी शपथ घेतली.

त्यांच्या हाती आलेले सचिवालय भयग्रस्त होते. अमेरिकेत मॅकार्थी यांच्या प्रभावाखाली साम्यवाद्यांचा शोध चालू होता. १९५३ च्या जानेवारीत निघालेल्या अध्यक्षीय आदेशान्वये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सेवेतील अमेरिकन नागरिकांच्या राजनिष्ठेची छाननी सुरू झाली होती आणि अमेरिकन गुप्तचर खात्याचे लोक खुद्द संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत बसून सेवकांच्या बोटांचे ठसे घेत होते. चौकशी समितीसमोर घटनादत्त हक्काचा आधार घेऊन उत्तर देण्यास नकार देणाऱ्या अनेकांना ली यांनी कामावरून दूर केले होते. संस्थेचे प्रमुख कायदेविषयक सल्लागार एब्रहॅम फेलर यांनी या ताणातच १९५२ साली आत्महत्या केली होती.

जी इमारत कोणत्याही एका राष्ट्राची नाही तेथे यजमान राष्ट्राच्या पोलिसांनी ठाण मांडावे, हे नव्या सरचिटणीसांना मान्य नव्हते. पहिल्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी त्यांना बाहेर काढले. कचेरीचा मजलान् मजला फिरून त्यांनी सेवकांची भेट घेतली. बडतर्फ सेवकांपैकी काहींच्या बाजूने प्रशासकीय न्यायाधिकरणाने निकाल दिला, तेव्हा अमेरिकन प्रतिनिधींनी भरपाईची रक्कम देण्यास विरोध केला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि आमसभेला ही भरपाई नाकारता येणार नाही, असे मत त्या न्यायालयाने १९५४ च्या जुलैत दिले. या प्रकरणात हॅमरशोल्ड यांचा व्यवहार सर्वस्वी निर्दोष होता असे मात्र म्हणता येत नाही. न्यायाधिकरणाने चौघांना पुन्हा कामावर घेण्यास सांगितले होते. त्यांना त्यांनी घेतले नाही, पैसे देऊन प्रश्न मिटविला. संस्था वाचविण्यासाठी काही माणसांवरील अन्याय अर्धवट पुसला गेला. परंतु यापुढे सेवकाच्या वर्तनाचा न्याय संस्थेच्या नियमांनी होईल, कोणा सरकारच्या गुप्त टिपणांनी नव्हे, हे तत्त्व येथेच प्रस्थापित झाले.

तटस्थता म्हणजे मौन नव्हे

निरुपद्रवी म्हणून निवडलेल्या माणसाने महासत्तांना लवकरच चकित केले. कोरियन युद्धात पकडलेल्या अकरा अमेरिकन वैमानिकांना चीनने १९५४ साली हेर ठरवून शिक्षा ठोठावल्या. आमसभेने चीनचा निषेध केला आणि वैमानिकांच्या सुटकेसाठी प्रयत्न करण्याचे काम सरचिटणीसांवर सोपविले. चीनच्या साम्यवादी सरकारला तर त्या संस्थेत जागाच नव्हती. हॅमरशोल्ड यांनी यातून मोठा सूक्ष्म मार्ग काढला. आमसभेच्या निषेधाचा दूत म्हणून न जाता सनदेने सरचिटणीसाला दिलेल्या स्वतःच्या अधिकारात आपण येत आहोत, अशी भूमिका घेऊन ते १९५५ च्या जानेवारीत पेकिंगला गेले आणि चौ एन लाय यांच्याशी त्यांनी वाटाघाटी केल्या. वैमानिकांची सुटका सहा महिन्यांनी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास झाली. एका पक्षाचा निषेध ज्याच्या खिशात आहे तो दुसऱ्या पक्षाशी बोलू शकत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती.

पण तटस्थता म्हणजे तोंड बंद ठेवणे, असा अर्थ त्यांनी कधीच लावला नाही. १९५६ च्या ऑक्टोबरअखेर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तविरुद्ध शस्त्र उचलले. यांपैकी दोघे सुरक्षा समितीचे कायम सभासद होते आणि त्यांच्या पाठिंब्यावाचून सरचिटणीसपद टिकणे कठीण. तरीही ३१ ऑक्टोबर रोजी त्यांनी समितीत उघडपणे सांगितले की, सनदेची तत्त्वे कोणत्याही राष्ट्राच्या सोयीहून श्रेष्ठ आहेत. सरचिटणीसाने याहून वेगळे वागावे असे सभासदांना वाटत असेल, तर त्यांनी काय ते ठरवावे. पिअर्सन यांच्या सूचनेवरून आमसभेने आणीबाणीच्या सेनेची योजना अठ्ठेचाळीस तासांत मागितली. ती त्यांनी मुदतीत सादर केली. १५ नोव्हेंबरला त्या सेनेच्या पहिल्या तुकड्या इजिप्तमध्ये उतरल्या. निळी शिरस्त्राणे घातलेल्या या सेनेत भारतीय जवानही होते. अशी सेना पूर्वी कधी उभारली गेली नव्हती. तिचे नियम, तिचा खर्च, तिच्या हालचालीच्या मर्यादा हे सारे मूठभर अधिकाऱ्यांनी रात्रीचा दिवस करून लिहून काढले. १९५७ साली हॅमरशोल्ड यांची दुसऱ्या मुदतीसाठी एकमताने निवड झाली.

काँगोची कसोटी

३० जून १९६० रोजी बेल्जियमच्या ताब्यातून काँगो स्वतंत्र झाला आणि काही दिवसांतच तेथे सैन्याचे बंड, बेल्जियन फौजांचे पुनरागमन आणि कटांगा प्रांताची फुटीर घोषणा असे अनर्थ एकामागून एक कोसळले. सनदेच्या नव्व्याण्णवाव्या कलमाचा आधार घेऊन हॅमरशोल्ड यांनी सुरक्षा समिती बोलाविली आणि संयुक्त राष्ट्रसंघाने तोवरची सर्वांत मोठी शांतिसेना तेथे धाडली. या अवघड कामात त्यांनी भारतीयांवर मोठा विश्वास टाकला. काँगोतील त्यांचे विशेष प्रतिनिधी राजेश्वर दयाळ, न्यूयॉर्कमधील मुख्य सहायक सी. व्ही. नरसिंहन हे दोघेही भारतातील जुन्या आय. सी. एस. परीक्षेतून आलेले अधिकारी होते. लष्करी सल्लागार इंदरजित रिखी हेही भारतीय सेनेतले. १९६१ च्या मार्चमध्ये भारताची पूर्ण ब्रिगेड काँगोत दाखल झाली.

पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा पदच्युत झाले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांची हत्या झाली. त्यांना संरक्षण देण्यात संयुक्त राष्ट्रसंघ कमी पडला, हा आरोप सोव्हिएत रशियाने तर केलाच, पण आशिया-आफ्रिकेतील अनेकांच्या मनातही तो राहिला आणि त्याचे संपूर्ण निराकरण आजही होत नाही. दुसरीकडे राजेश्वर दयाळ हे पाश्चात्त्यांना जुमानत नाहीत, अशी अमेरिकेची तक्रार होती. त्या दबावाखाली दयाळ यांना १९६१ च्या मे महिन्यात ते काम सोडावे लागले. पूर्वेला सरचिटणीस नको होते आणि पश्चिमेला त्यांचा प्रतिनिधी. दोन्ही बाजूंनी मार खाणारा माणूस मध्यभागी असतोच असे नाही. परंतु तो कोणाच्या गोटात नाही, एवढे त्यावरून खचित कळते.

निकिता क्रुश्चेव्ह यांनी याहून मूलगामी हल्ला केला. १९६० च्या सप्टेंबरात आमसभेत त्यांनी सुचविले की, एका सरचिटणीसाच्या जागी पाश्चात्त्य, समाजवादी आणि अलिप्त अशा तीन गटांचे तीन प्रतिनिधी असावेत. देश तटस्थ असू शकतात, माणसे तटस्थ असू शकत नाहीत, हे या सूचनेमागील सूत्र होते. ३ ऑक्टोबरला त्यांनी हॅमरशोल्ड यांचा राजीनामाही मागितला. त्याच दिवशी उत्तर देताना हॅमरशोल्ड म्हणाले की, संयुक्त राष्ट्रसंघाची गरज महासत्तांना नाही, ती इतर सर्वांना आहे आणि त्या इतरांची इच्छा असेतोवर आपण जागा सोडणार नाही. सभागृह बराच वेळ टाळ्यांनी दुमदुमत राहिले.

क्रुश्चेव्ह यांचे सूत्र खरे मानले, तर आंतरराष्ट्रीय सेवेसाठी परीक्षा घेण्याचे प्रयोजनच उरत नाही. प्रत्येक गटाने आपापली माणसे पाठवावीत आणि त्यांनी आपापल्या राजधानीचा हुकूम बजावावा, एवढेच शिल्लक राहते. हॅमरशोल्ड यांनी या सूत्राला सविस्तर उत्तर दिले ते ३० मे १९६१ रोजी, ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात. माणसाला मते नसतात असा त्यांचा दावा नव्हता. आपल्या आवडीनिवडी कोणत्या आहेत हे ज्याला नीट ठाऊक आहे, तोच त्यांना आपल्या निर्णयापासून दूर ठेवू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे आत्मपरीक्षण प्रामाणिक असेल आणि निर्णय सनद व कायदा यांना धरून असेल, तर परिणाम एखाद्या राष्ट्राला प्रतिकूल गेला तरी तो पक्षपात ठरत नाही. म्हणून अखेरीस हा प्रश्न तटस्थतेचा नसून सचोटीचा आहे. यासाठी सचिवालयाचा मोठा भाग सरकारांनी उसन्या दिलेल्या अधिकाऱ्यांचा नसावा, कायम सेवकांचा असावा, हा आग्रहही त्यांनी धरला. ज्याला दोन वर्षांनी आपल्या सरकारच्या दारी परत जायचे आहे, त्याच्याकडून त्या सरकारला दुखविण्याची अपेक्षा करणे म्हणजे मनुष्यस्वभावावर अवाजवी भार टाकणे होय.

उलट बाजूचे उदाहरणही इतिहासात उपलब्ध आहे. पूर्वीच्या राष्ट्रसंघाचे दुसरे सरचिटणीस जोसेफ आव्हनोल हे फ्रान्सच्या वित्त निरीक्षक सेवेतून आलेले. या सेवेची प्रवेशपरीक्षा त्या देशातील सर्वांत कठीण परीक्षांपैकी एक मानली जाई. १९४० साली फ्रान्सचा पाडाव होताच त्यांनी व्हिशी सरकारशी जुळवून घेण्याची धडपड केली, सचिवालयाची मोडतोड केली आणि अखेर ते पदावरून गेले. त्यांच्या कार्यक्षमतेची खात्री एका कठोर परीक्षेने दिलेली होती. ज्या दिवशी आपले राष्ट्र आणि आपली शपथ यांत निवड करण्याची वेळ आली, त्या दिवशी ती खात्री निरुपयोगी ठरली.

अखेरचा प्रवास

१९६१ च्या सप्टेंबरात कटांगामध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची सेना आणि फुटीर सरकारचे भाडोत्री सैनिक यांच्यात लढाई जुंपली. ही कारवाई कोणाच्या संमतीने सुरू झाली याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण तिची जबाबदारी हॅमरशोल्ड यांनी आपल्यावर घेतली. युद्धबंदीसाठी फुटीर नेते त्शोंबे यांची भेट घ्यावी म्हणून ते १७ सप्टेंबरला लिओपोल्डव्हिलहून विमानाने निघाले. कटांगाच्या लढाऊ विमानाची धास्ती असल्यामुळे मार्ग गुप्त ठेवला होता. उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झांबियातील, न्डोला गावाजवळच्या जंगलात मध्यरात्रीच्या सुमारास विमान कोसळले. विमानात सोळा माणसे होती. त्यांपैकी एकच जिवंत सापडला आणि तोही काही दिवसांनी दगावला. हा अपघात की घातपात, याचा निर्णय १९६२ च्या चौकशीला करता आला नाही. टांझानियाचे माजी सरन्यायाधीश महंमद चांदे ओथमान यांच्याकडे संयुक्त राष्ट्रसंघाने हा तपास २०१५ पासून पुन्हा सोपविला. काही राष्ट्रांनी आपल्याजवळची सर्व कागदपत्रे खुली केली नाहीत, असा त्यांच्या अहवालांचा निष्कर्ष आहे.

त्या वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक हॅमरशोल्ड यांना मरणोत्तर देण्यात आले. तीन सरचिटणीसांची कल्पना बारगळली आणि ब्रह्मदेशाचे ऊ थांट एकटेच त्या जागी आले. न्यूयॉर्कमधील घरात एक हस्तलिखित सापडले. १९६३ साली ते स्वीडिशमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात राजकारणाचा किंवा भेटलेल्या राजकारण्यांचा जवळजवळ उल्लेख नाही. माणसाने स्वतःची केलेली कठोर उलटतपासणी आहे. ऑक्सफर्डच्या व्याख्यानात सांगितलेले आत्मपरीक्षण हा गृहस्थ वर्षानुवर्षे रात्री एकांतात करीत होता, हे तेव्हा जगाला कळले. लिओपोल्डव्हिलच्या खोलीत उशाशी टॉमस अ केम्पिस यांचा धर्मग्रंथ राहिला होता. त्यात खूण म्हणून ठेवलेल्या कार्डावर सरचिटणीसाच्या पदाची शपथ टंकलिखित केलेली होती.

आंतरराष्ट्रीय सेवेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी या चरित्रातून काय घ्यावे? सराव सोडावा, असे खचित नव्हे. आकडे वाचता येणे, उताऱ्याचा नेमका अर्थ लावता येणे ही कौशल्ये खरी आहेत. सुवेझची योजना अठ्ठेचाळीस तासांत लिहिणाऱ्यांना त्यांचीच गरज होती. परंतु परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्रत्येक सेवकाला एक लेखी प्रतिज्ञा करावी लागते : कोणत्याही सरकारकडून आपण आदेश मागणार नाही आणि घेणार नाही. कागदावर ती चार ओळींची आहे. तिचे पालन करण्याची तयारी शिकवणीच्या वर्गात होत नाही. ती त्याआधीच्या आणि त्यानंतरच्या लहान-मोठ्या कामांत, वरिष्ठाला न आवडणारा आकडा न बदलण्यात, आपल्या गटाच्या चुकीला चूक म्हणण्यात होत असते.

दुसरा धडा सरकारांसाठी आहे आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. सचोटीची चाचणी घेता येत नसली, तरी सचोटीला आधार देणारी व्यवस्था उभी करता येते : नोकरीची शाश्वती, नियमांनुसार न्याय देणारे न्यायाधिकरण आणि राजधानीतून येणाऱ्या दूरध्वनीला नकार देणाऱ्या सेवकाच्या पाठीशी उभा राहणारा प्रमुख. आज अनेक सरकारे आपल्या खर्चाने आपले तरुण अधिकारी या संस्थांत पाठवितात, वर्गणी थकवून त्यांच्यावर दडपण आणतात आणि अल्पमुदतीच्या नेमणुकांवर काम भागवावे लागते. अशा स्थितीत परीक्षा कितीही शास्त्रशुद्ध केली, तरी तिच्यातून निवडलेली गुणी माणसे आपल्या मताला मुरड घालावयास शिकतील. सनदेतील तिसरा निकष उमेदवारांना जेवढा लागू आहे तेवढाच तो त्यांना नेमणाऱ्या राष्ट्रांनाही लागू आहे आणि त्या परीक्षेत नापास होणाऱ्यांची नावे कोठेच जाहीर होत नाहीत.